गंज भरपूर, तरी रणगाडा ‘सोडून दिलेला’ वाटत नाही: काय काय तपासायचं

“गंज तर लै मारलाय, तरीबी खेळणंच दिसायलंय, काय करू?” रणगाड्यांची छोटी मॉडेलं बनवणाऱ्यांकडून हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आता समोरचा खोकं उघडायच्या आधीच मी विचारतो, गाडी किती वर्षांपासून उभीय? आणि समोरचा गप्प. तिथंच निम्मं दुखणं कळतं.

परभणीत माझं फोटो फ्रेम आणि लॅमिनेशनचं दुकान आहे, मागच्या खोलीत एक टेबल आहे आणि त्या टेबलावर प्लास्टिकचे किट जोडून १/३५ स्केलच्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या, लष्करी गाड्या बनवायचा नाद मला लै वर्षांचा. स्वतःच्या बिघडलेल्या तर दुरुस्त केल्याच, पण आता जालना, नांदेड, हिंगोलीकडची पोरंही एसटीत मांडीवर खोकं घेऊन येतात. तक्रार बहुतेक वेळा हीच. रणगाडा असो, जीप असो नाहीतर ट्रक, रंगकाम चांगलं असतं, मेहनत दिसते, पण बघून असं वाटत नाही की हिच्याकडं परत कुणी फिरकलंच नाही. कालच कुणी धुळवड खेळून लावलीय असं वाटतं.

आधी लक्षणं बघा

- पूर्ण गाडी एकाच नारंगी रंगाची, खालून वरून सारखीच.
- ट्रॅकच्या (चाकांवरच्या साखळी-पट्ट्याच्या) कडेला नाहीतर कोपऱ्याकोपऱ्यात चंदेरी घासलेलं, आणि शेजारीच दहा वर्षांचा गंज.
- गाडी जमिनीवर ठेवलेली दिसते, जमिनीत बसलेली दिसत नाही. खालून उजेड येतो.
- गाडी खड्ड्यात तिरकी आहे, पण गंजाचे ओघळ गाडीच्या हिशोबानं सरळ आहेत, जमिनीच्या हिशोबानं नाहीत. (हे एकदा दिसलं की मग तेच दिसत राहतं.)
- फावडं, टिकाव, टो-केबल (गाडी ओढायची तार), हेडलाइट, सगळं जागच्या जागी.
- धूळ सगळीकडं सारखी, उभ्या पत्र्यावर पण.
- गवत गाडीच्या भोवती हार घातल्यासारखं गोल, नाहीतर गाडीखाली पण तेवढंच दाट.
- ट्यूबलाइटखाली गंज चमकतो.

यातली दोन-तीन जुळली तर पुढचं वाचा. आणि क्रमानंच जा, कारण सगळे सरळ गंजाच्या बाटलीवर उडी मारतात, तिथं पैसे घालवतात, आणि शेवटी कळतं की गाडी तीन मिलिमीटर खाली दाबली असती तरी काम झालं असतं.

१. का सोडली, कधी सोडली, कुठं सोडली (खर्च: एक कागद)

एक ओळ लिहा. “अमुक ठिकाणी, अमुक महिन्यात, अमुक कारणानं सोडली, आणि आपण इतक्या काळानं बघतोय.” ही ओळ जमत नसेल तर ब्रश उचलू नका, कारण पुढचा प्रत्येक निर्णय हिच्यावर अवलंबून आहे आणि हिच्याशिवाय तुम्ही तीन वेगवेगळ्या वयाच्या खुणा एकाच गाडीवर मारणार, चाकावर ओला चिखल, दारावर वीस वर्षांचा गंज आणि टाकीवर ताजं डिझेल.

उदाहरण घ्या. सप्टेंबर १९६५, खेमकरण, असल उत्तरची लढाई. शेतात पाणी सोडलेलं, ऊस उभा, आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले. बरेच रणगाडे क्रू तसेच टाकून पळाला. आता हा डायोरामा (माती-गवतासकट मांडलेला छोटा देखावा) करायचा तर गंज जवळजवळ नकोच! पोटापर्यंत चिखल, उघडी हॅच (आत उतरायची झाकणं), आडवा झालेला ऊस आणि चांगला रंग असलेली गाडी, बस. उलट १९४४ च्या लढाईतले रणगाडे पॅसिफिकमधल्या सायपान, पेलेलिऊ बेटांवर अजून पडून आहेत, तिथं खारी हवा आणि दमट, पत्रा खाऊन आरपार भोकं. आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत काळातल्या गाड्यांचे ढीग आहेत, तिथं हवा कोरडी, रंग उन्हानं पांढरट पडलेला पण लोखंड मजबूत. तिन्ही ‘सोडून दिलेल्याच’, पण तिघींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

यात माझी झालेली फजिती सांगतो. मी मोठ्या हौसेनं खेमकरणचा पॅटन केला आणि माती घातली आपल्या शेतातली, काळीभोर. दुकानात एक रिटायर्ड सुभेदार काका फ्रेम करायला आले होते, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “हा पॅटन परभणीला कधी आला बाबा?” पंजाबची गाळाची माती फिकी तपकिरी, आपली काळी. पूर्ण बेस उखडला. आता तसलं काही असलं की गंगाखेडला गोदावरीच्या काठावरचा गाळ आणतो, वाळवला की त्यातल्या त्यात जवळ जातो.

काळी मातीच वापरायची असेल तर आपल्याकडचा विषय घ्या ना. १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या हैदराबादवर पोलीस ॲक्शन सुरू झाली तेव्हा सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेनं भारतीय सैन्याच्या चिलखती तुकड्या आल्या होत्या. पण बघा, सप्टेंबर! म्हणजे काळ्या रानात भेगा नाहीत, चिखल. गाडीच्या चाकाला चिकटून ढेकळंच्या ढेकळं फिरणारा आपला चिखल. भेगाळलेली काळी माती दाखवायची असेल तर एप्रिल-मे. नाहीतर लिलावात घेतलेली जुनी जोंगा (लष्करी जीप) नाहीतर शक्तिमान ट्रक, जबलपूरला बनलेल्या ह्या गाड्या, कुणाच्या तरी शेतातल्या आखाड्यावर उभी करा. ती काळ्या मातीत शोभते.

२. फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो (खर्च: शून्य)

फोन टेबलाच्या बरोबरीनं खाली धरा, म्हणजे १/३५ च्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, आणि फोटो काळा-पांढरा करा. रंग गेला की खरं दिसतं. सगळी गाडी एकाच राखाडी रंगाची आली तर तुमच्या गंजात उजेड-अंधार नाहीच, नुसता नारंगीपणा होता. वरची सपाट बाजू उजळ, पोट गडद, भोकं काळी असं दिसायला पाहिजे. वरून खाली बघत काम करतो म्हणून हे आपल्याला कळत नाही.

३. तहसीलच्या आवारात एक चक्कर (खर्च: चहा)

हे मी सगळ्यांना करायला लावतो. नेटवरचे फोटो बघून बघून लोक दुसऱ्यांच्या मॉडेलची नक्कल करतात, खऱ्या गाडीची नाही. आणि नगरच्या टँक म्युझियमला जाऊन आलेले सांगतात की आम्ही खरा रणगाडा बघून केलाय. अरे बाबा, तिथं रणगाडे रंग मारून नीट ठेवलेत, चौकातले पण तसेच. माप घ्यायला, बोल्ट मोजायला जरूर जा, पण पडीकपणा तिथं शिकता येत नाही.

पडीकपणा शिकायचा तर जप्त केलेले वाळूचे हायवा (टिपर ट्रक) बघा, तहसीलच्या नाहीतर पोलीस स्टेशनच्या आवारात वर्षानुवर्षं उभे असतात. लांबूनच बघा, फोटो काढायचा तर विचारून काढा. मी एका हायवाजवळ तासभर उभा होतो एकदा, काय काय दिसलं सांगतो. केबिनचं टप उन्हानं खडूसारखं पांढरट झालेलं, बोट लावलं की रंगाची पूड हाताला. दरवाजाचा रंग मात्र अजून धड. गंज दरवाजाच्या मधोमध नव्हताच, होता तो खालच्या कडेला, बिजागरीखाली, काचेच्या रबराच्या कोपऱ्यात, जिथं पाणी थांबतं तिथं. आरशाच्या दांड्याखाली चिमण्यांची शिट, एक सरळ पांढरी रेघ. टायर गेलेले, पण सगळे सारखे नाही, एकीकडचे पार रिमवर आलेले म्हणून अख्खी गाडी खांदा पाडल्यासारखी. बंपरमधून वेडी बाभूळ वर आलेली, आणि सगळ्यात भारी, गाडीखाली गवत नव्हतंच. ऊन नाही, पाऊस नाही, कोरडी भुरभुरीत माती आणि त्यात एक कुत्रं झोपलेलं. गवत कुठं दाट होतं? बरोबर बॉडीच्या कडेखाली, जिथं पत्र्यावरचं पाणी ठिबकतं. एक हिरवी रेघच काढलेली जणू गाडीभोवती.

ही हिरवी रेघ आणि खालची उघडी माती तुमच्या डायोरामात आली ना, की निम्मे लोक न सांगता म्हणतात, लै दिवसांची उभीय ही.

४. गाडी बसलीय का (खर्च: कागदाचा तुकडा)

ट्रॅकखाली वहीचा कागद सरकवा. सरकला तर गाडी तरंगतेय. आमच्या गल्लीतले गॅरेजवाले चाचा म्हणतात, “गाडी पैले पावां से मरती बेटा, रंग तो बाद में जाता.” सगळ्या रंगकामाच्या पोस्टींपेक्षा मला ह्या एका वाक्याचा उपयोग जास्त झाला.

हिशोब सोपा आहे. १/३५ ला १ मिलिमीटर म्हणजे खरे साडेतीन सेंटिमीटर. टी-५५ सारखा ३६ टनी रणगाडा दोन-चार पावसाळे मऊ रानात उभा राहिला तर चार-पाच मिलिमीटर तरी खाली जायला पाहिजे, आणि सारखा नाही, एक कोपरा जास्त. बेस ओला असतानाच गाडी दाबून बसवायची ही खरी पद्धत. बेस वाळून गेला असेल तर गाडी उचला, चाकाच्या जागी बेस कोरा, नाही जमलं तर ट्रॅकच्या बाजूनं माती चढवत न्या आणि चाकांच्या मध्ये पण भरा, नुसती बाहेरून पाळ घालू नका.

आणि हे तिरकेपणाचं. गाडी शेवटी कशी बसणार हे रंगाच्या आधी ठरवा, मग टेबलावर खाली पुस्तक ठेवून गाडी तेवढीच तिरकी करा आणि तशीच ठेवून ओघळ काढा. पाणी जमिनीकडं जातं, त्याला गाडीची दिशा काय माहीत. धूळ आणि पानं पण खालच्या कोपऱ्यात गोळा होणार.

५. काय काय गायब आहे (खर्च: कटरचं पातं)

पडलेली गाडी दोघं खातात, हवा आणि माणसं. आणि माणसं लवकर खातात. नवीन लोक किटमधलं सगळं सामान चिकटवून टाकतात कारण पैसे मोजलेत. ते काढायचं. मशीनगन, रेडिओ, केबल, बॅटरी, दुर्बिणींच्या काचा, इंधनाचे ड्रम, सुटे ट्रॅक-लिंक, जे हातानं नाहीतर एका पान्यानं निघतं ते आधी जातं. जिथलं सामान गेलं तिथं खाली रंगाचा मूळ गडद ठसा राहतो, कारण तेवढ्या जागेला ऊन लागलेलं नसतं. फावडं काढलं तर फावड्याच्या आकाराचा ताजा हिरवा रंग ठेवा, दोन रिकामे क्लिप ठेवा. याला पाच मिनिटं लागतात.

मी ती जोंगा केली तेव्हा बॉनेट अर्धवट उघडं ठेवलं होतं, आत बॅटरीच्या जागी रिकामी ताटली आणि दोन लोंबत्या वायरी. चाचांनी वाकून बघितलं, रंगाबद्दल एक शब्द नाही, म्हणाले, “बॅटरी कोन लेके गया रे?” त्या दिवशी मी दुकान लवकर बंद करून सगळ्यांना मिसळ चारली.

६. चमक (खर्च: मॅट वार्निशचा एक हात)

गंज चमकत नाही. तुमचा चमकत असेल तर कारण बहुतेक तीनातलं एक. ऑइल कलरमध्ये तेल जास्त राहिलं. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढा, तासभर ठेवा, पुठ्ठा तेल पिऊन घेतो, मग वापरा. दुसरं, हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाईन, ते तेलकट थर सोडतं. तिसरं, धुळीत रांगोळी मिसळलीय. रांगोळीचा कण चमचम करतो आणि अर्धा मिलिमीटरचा कण म्हणजे १/३५ ला पावणेदोन सेंटिमीटरची खडी होते, धूळ नाही. माती साडीच्या कापडातून गाळा.

मॅट स्प्रे भर पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत पांढरं बुरशीसारखं धुकं येतं. एकदा गणपतीच्या दिवसांत घाई केली आणि टी-५५ सीताफळासारखा पांढुरका झाला.

७. धूळ आणि ऊन

धूळ सपाट जागेवर बसते, उभ्या पत्र्यावर टिकत नाही, आणि एक पाऊस झाला की वरची धूळ धुऊन कोपऱ्यात जाते. म्हणून एअरब्रशनं सगळीकडं धुळीचा फवारा मारणं चूक. कोरडी पूड ब्रशनं वरून टाका, मग थिनरचा एक थेंब कोपऱ्यात सोडा, पूड आपोआप कडेला जाऊन बसते. टपाचा, इंजिन डेकचा (इंजिनावरच्या सपाट पत्र्याचा) मूळ रंग बाजूच्या पत्र्यापेक्षा एक-दोन छटा फिका पाहिजे. एवढंच.

८. गंज, आता कुठं गंज

इथपर्यंत येऊन पण गाडी जमली नसेल तरच रंगाला हात लावा.

आधी धातू कोणता ते बघा. एका पोरानं एम-११३ आणली होती, अमेरिकन बनावटीची चिलखती गाडी, पूर्ण नारंगी केलेली, काम सुंदर. पण एम-११३ ची बॉडी ॲल्युमिनियमची! ती मळते, रंग उडतो, पांढुरकी पूड धरते, पण तांबडी होत नाही. ट्रॅक मात्र लोखंडी, ते गंजणार. अख्खी बॉडी परत हिरवी करावी लागली, त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

मग वय. ताजा गंज पिवळसर नारंगी, पातळ, डागासारखा. जुना गंज गडद, जांभळटाकडं झुकलेला चॉकलेटी, जाड, पापुद्रे सुटणारा. वीस वर्षांच्या गाडीवर नारंगी फक्त तिथं पाहिजे जिथं अजून पाणी मुरतं. म्हणजे पाया गडद चॉकलेटी आणि नारंगी चिमूटभर, लोक बरोबर उलटं करतात.

आणि चंदेरी रंग कपाटात ठेवा. चालत्या रणगाड्याचा ट्रॅक जमिनीला घासून चकचकीत होतो हे खरं, पण गाडी थांबली, एक पाऊस झाला की काही दिवसांत ती चमक गंजानं झाकली जाते. वर्षभर उभ्या गाडीवर उघडं चकचकीत लोखंड असणं म्हणजे कुणीतरी रोज येऊन घासतंय.

जळालेली गाडी वेगळी. आगीत रंगच जळतो, लोखंड उघडं पडतं आणि लगेच सगळीकडून गंजतं, तिथं मात्र मोठ्या भागावर नारंगी शोभतो. शेजारी राखेचा पांढरट-करडा भाग ठेवा. चाकांवरचं रबर जळून गेलेलं पाहिजे, रबर शाबूत आणि पत्रा जळालेला हे होत नाही. आगीनं टॉर्शन बार (चाकं पेलणाऱ्या, स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी दांड्या) नरम पडतात, त्यामुळं गाडी पोटावर बसते. टी-५५, पॅटन दोघांना टॉर्शन बारच आहेत.

स्वस्त सामान: गेरू. किराणा नाहीतर पूजेच्या दुकानात मिळतो, आणि गेरूचा तांबडेपणा आयर्न ऑक्साइडचाच असतो, म्हणजे खरा गंजच म्हणा. गेरू, पिवळी माती, गोवरीची राख आणि थोडी काजळी, चार डब्यांत माझं निम्मं काम होतं. रंगाचे पोपडे दाखवायला हेअरस्प्रे: खाली गंजाचा रंग, त्यावर वार्निश, त्यावर हेअरस्प्रे, वर ॲक्रिलिक हिरवा, आणि मग कोमट पाण्यात ब्रश बुडवून हळूहळू घासायचं, खालचा स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग सुटतो. पोपडा मात्र लहान ठेवा, तुमचा १ मिलिमीटरचा पोपडा म्हणजे खरा साडेतीन सेंटिमीटरचा.

९. माती आणि गवत

काळ्या मातीच्या भेगा रंगवू नका, पाडा. माती गाळून, तव्यावर चांगली भाजून घ्या (का ते सांगतो), नुसत्या पाण्यात कालवून दोन-तीन मिलिमीटरचा थर द्या आणि उन्हात सोडून द्या. आपली माती ती, वाळताना आक्रसते आणि आपोआप भेगाळते. थर जितका पातळ तितक्या भेगा जवळजवळ आणि बारीक, म्हणजे स्केल तुमच्या हातात. यात आधीच फेविकॉल घातला तर भेगा नीट पडत नाहीत, म्हणून वाळल्यावर पातळ फेविकॉल ड्रॉपरनं भेगांच्या कडेला सोडायचा. माती काळीशार होईल, घाबरू नका, वरून करड्या रंगाचा कोरडा ब्रश फिरवा, सुकलेलं काळं रान उन्हाळ्यात राखाडीच दिसतं.

भाजायचं कारण असं, की मी पहिल्या डायोरामात शेतातली माती आणि खरं वाळलं गवत तसंच घातलं, वर काच बसवली, आणि पावसाळ्यात आत पांढरी बुरशी आली, वर दोन किडे. बायको म्हणाली, “आता खरंच पडीक दिसायलंय की.”

गवताला सुतळी आणि जुनी केरसुणी, यापेक्षा चांगलं काही नाही. सुतळी पिंजून अर्धा सेंटिमीटर, एक सेंटिमीटर अशी वेगवेगळी कापा. वाळलेल्या पानांना वापरलेला, धुऊन वाळवलेला चहाचा चोथा. लावताना तहसीलची ती हिरवी रेघ आठवा. आणि एखादं तरी झुडूप गाडीच्या *आतून* बाहेर येऊ द्या, चाकाच्या मधून, हॅचमधून. भोवतीचं झाड गाडीच्या आधीचं असू शकतं, आतून आलेलं झाड नंतरचंच.

१०. सगळ्यात किचकट: ट्रॅक आणि सस्पेन्शन

वरचं सगळं करून पण गाडी ताठ दिसतेय? मग तिचे पाय कापावे लागतील. टी-५५ ला वरून ट्रॅक पेलणारे रोलर नसतात, ट्रॅक सरळ मोठ्या चाकांवर पडतो, त्यामुळं ढिला झाला की चाकांच्या मध्ये लोंबतो. किटमधला रबरी ट्रॅक ताणून बसतो तिथंच घात होतो. काळ्या दोऱ्यानं नाहीतर तारेच्या पिननं तो चाकाला खाली ओढा. शर्मन, पॅटन ह्या अमेरिकन रणगाड्यांना हेच करू नका, त्यांच्या ट्रॅकच्या जोडांत रबरी बुश (अस्तर) असतात आणि ते मुळात ताठ असतात. तिथं ट्रॅक तुटून पुढं पसरलेला दाखवा.

सस्पेन्शनचे हात कापून वेगळ्या उंचीवर परत चिकटवणं हे दोन संध्याकाळींचं काम आहे. पहिल्या गाडीवर करू नका, एखाद्या भंगार किटवर हात बसवा. आणि हॅच उघडे ठेवलेत तर आत काळा रंग मारून भागत नाही, मोकळं पोट दिसतं. आतलं करायचं नसेल तर हॅच गंजून अर्धवट अडकलेलं दाखवा, बोटभर फट.

कुठं थांबायचं

प्लास्टिक मऊ झालं, चरचर आवाज करून जोड सुटायला लागला, तर थांबा, आणखी थिनर नको. गॅरेजचा एनसी थिनर (गाड्यांच्या रंगात घालतात तो) किटचं प्लास्टिक खातो, आणि थर्माकोलचा बेस तर डोळ्यांदेखत बसतो. गाडी दोन दिवस वाऱ्यावर ठेवा, मग बघू.

थिनरनं डोकं जड झालं, गरगरलं तर काम सोडून बाहेर हवेत या, उतरलं नाही तर डॉक्टर. रेझिन घासताना पाण्यात घासा आणि मास्क लावा. थ्री-डी प्रिंटचं कच्चं रेझिन हाताला लागून पुरळ उठलं तर परत त्याला हात लावायचा नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, हे अंगावर काढायचं दुखणं नाही, पुढच्या वेळी जास्त उठतं.

फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरला टाकी जोडून एअरब्रश करायचा जुगाड मी स्वतः केलाय आणि स्वतःच काढून टाकलाय. प्रेशरच्या टाकीला घरी वेल्डिंग करायचं नाही. डायोरामात सेलवरचा दिवा तुम्ही लावा, घरातली २३० व्होल्टची लाइन जोडायची तर इलेक्ट्रिशियन. काचेची पेटी काचवाल्याकडूनच करून घ्या, मी काच धंद्यात कापतो तरी मोठी पेटी त्यालाच सांगतो.

कुणाच्या आजोबांनी केलेलं जुनं मॉडेल असेल, नाहीतर एखाद्या स्मारकातलं, संस्थेतलं, तर त्यावर वरचं काहीएक करू नका. धूळसुद्धा झटकू नका, संग्रहालयाचं जतनकाम करणाऱ्या माणसाला दाखवा. माझ्याकडं असलं आलं की मी फक्त पेटी करून देतो.

आणि एक. भंगारातून “खरं वाटावं म्हणून” जुनी काडतुसं, गोळ्याची टोपणं घेऊन येणारे दोघं मला भेटलेत. त्याला पकड लावायची नाही, तापवायचं नाही, उचलायचंच नाही. जिथं आहे तिथं ठेवा, बाजूला व्हा आणि ११२ ला फोन करा. १/३५ ला खरं काडतूस तसंही खांबाएवढं दिसतं.